न प्यायलेला चहा

दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत, जिथे पेशंटला कधी नेत नाहीत, तिथे मिली कवळ्या बनवायची. खरं नाव वेगळंच होतं. पण अर्ध्या मिलिमीटरसाठी ती डॉक्टरांशी हुज्जत घालायची, म्हणून प्लास्टर कालवणाऱ्या काकांनी तिला 'मिलिमीटर' म्हणायला सुरुवात केली, आणि ते घरापर्यंत पोचता पोचता त्याचं मिली झालं. कवळी पक्की करण्याआधी मेणात बसवलेले दात पेशंटच्या तोंडात घालून बघावे लागतात. तेव्हा ती बाहेर यायची, खुर्चीशेजारी उभी राहायची आणि म्हणायची, "आजोबा, साठपासून सत्तरपर्यंत मोजा बरं." 'स'ला शीळ वाजली की पुढचे दात किंचित मागे. कुठल्या अक्षराला जीभ कुठे टेकते, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं.

आणि नेमकी तिचीच जीभ देवापुढे हलत नव्हती.

अडीच वर्षं ती एका ख्रिस्ती मंडळीत जात होती. एका बंद पडलेल्या फर्निचरच्या गोदामात उपासना भरायची. दोनशे प्लास्टिकच्या खुर्च्या, ड्रमचा संच, आणि पुढे रिकामी जागा, प्रार्थनेच्या भरात लोकांना कोसळता यावं म्हणून. तिथे एक ना एक दिवस प्रत्येकाला अन्य भाषा मिळायची, म्हणजे न शिकलेली, आत्म्याने तोंडात घातलेली भाषा. नवव्या आठवड्यात आलेल्या रिक्षावाल्याला मिळाली. निवृत्त हेडबाईंना मिळाली. दर मंगळवारी संध्याकाळी खास त्यासाठी 'थांबण्याची सभा' असायची, आणि मिली तिथे अडीच वर्षं थांबली होती. प्लास्टरकाका म्हणायचे, "एवढं थांबून तर सरकारी कामही होतं गं."

तिला तिथे आणलं होतं वहिनीने. दादाची बायको, मिलीपेक्षा अकरा वर्षांनी मोठी, आणि आई लवकर गेल्यावर जिने तिच्या वेण्या घातल्या ती. वहिनी मंगळवारी तिच्या पाठीवर हात ठेवून कानाशी सांगायची, "ओठ सैल सोड. पहिला शब्द तू बोल, दुसरा तो देईल."

"पहिला कुठला?"

"कुठलाही. ल-ल-ल असं सुरू कर."

"वहिनी, ते मी बोलले तर ते माझंच झालं ना? मग त्याचं कुठून सुरू झालं, हे कसं कळणार?"

"अगं, पोहायला शिकताना पाण्याचं मोजमाप घेत बसतात का?"

मिली हसायची, पण तिला ल-ल-ल करता यायचं नाही. उलट कान टवकारून ऐकलं की तिच्या लक्षात यायचं, की वहिनीच्या अन्य भाषेत 'ळ' फार येतो, आणि आपल्या भाषेत नसलेलं एकही अक्षर येत नाही. असं काही मनात आलं की तिला चोरट्यासारखं व्हायचं, आणि ती आणखी जोराने डोळे मिटायची.

कारण तिला हवं होतं ते खरंच हवं होतं. बाबांची जुनी मंडळी शांत होती. तिथे प्रार्थना पुस्तकातून वाचायचे आणि कुणाला रडू आलं तर तो नाक पुसायला बाहेर जायचा. तिथला देव सगळ्यांशी मिळून एकदाच बोलायचा. मिलीला तो आपल्याशी बोलायला हवा होता. एकच वाक्य बोलावं, पण ते दुसऱ्या कुणालाही लागू पडू नये. त्या वाक्याशिवाय तिला चैन पडणार नव्हती, आणि त्याला कारण बाबा होते.

मंडळीची एक रीत होती, प्रार्थना-जोडी. प्रत्येकाला एक जोडीदार, दर बुधवारी भेटायचं आणि मनातलं एकमेकांपुढे ठेवायचं. मिलीची जोडीदारीण अर्थातच वहिनी. एका बुधवारी वहिनी म्हणाली, "तुझ्या आत काहीतरी अडलंय. मला दिसतं गं. बोलून टाक."

मिली बोलली. बाबा दवाखान्यात होते तेव्हा एका दुपारी तिची पाळी होती. दोन ते सहा. दादा लिफ्ट दुरुस्त करतो. तो कामावर, वहिनी पोरांच्या परीक्षेत. "मी दहा मिनिटं खाली गेले होते वहिनी. जिन्यापाशी ते चहाचं मशीन आहे ना, तिथे. कागदी पेल्यात चहा घेतला, तिथेच उभी राहून प्यायले. वर आले तर बाबा गेले होते. दादाला मी सांगितलं, मी जवळच होते, शांतपणे गेले."

वहिनीने तिला कुशीत घेतलं. दोघी रडल्या. "हे माझ्याबरोबर मातीत जाईल," वहिनी म्हणाली. "ह्यांनाही कळणार नाही."

मिलीला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही, कारण चहा तिने ऐनवेळी घातला होता. चहा नव्हताच. ती सव्वादोनला चक्क घरी गेली होती. तीन रात्रींचं जागरण, घर दहा मिनिटांवर. पाचच मिनिटं आडवी होते म्हणून ती पलंगावर पडली. चारला दहा मिनिटं कमी असताना वॉर्डातून फोन आला. तिने तो बघितला. नंबर ओळखला. पुन्हा औषधाची चिठ्ठी द्यायची असेल, असं स्वतःला सांगून तिने फोन पालथा घातला आणि कूस बदलली. बाबा चार वाजून पाच मिनिटांनी गेले. हे सगळं सांगायला ती तोंड उघडत होती, पण 'कूस बदलली' हे वाक्य तिच्या घशाबाहेर येईना. त्याच्या जागी कागदी पेला आला. खरं होतं ते आता फक्त ती जाणत होती, आणि देव.

पुढच्या महिन्यात मंडळीचं तीन दिवसांचं वार्षिक शिबिर आलं. त्याचीही एक रीत होती. प्रत्येकाने आपल्या जोडीदाराला काय अडवतंय, ते एका कागदावर लिहायचं, पाकिटात घालून चिकटवायचं आणि पुढे ठेवलेल्या लाकडी पेटीत टाकायचं. अडथळ्याची पाकिटं. ती कुणी उघडत नाही, असं पास्टर दरवर्षी सांगायचे. तिसऱ्या दिवशी पेटी मागच्या अंगणात नेऊन लोखंडी टबात सगळी जाळायची. मिलीने वहिनीबद्दल लिहिलं, 'तिला स्वतःसाठी वेळ मिळत नाही.' लिहून झाल्यावर तिला ते फारच मिळमिळीत वाटलं, पण तिला दुसरं काही सुचेना.

दुसऱ्या दिवशी बाहेरगावचे पाहुणे सेवक, म्हणजे प्रवचनकार, उभे राहिले. उंच, मऊ आवाजाचे, घाम टिपायला खांद्यावर पांढरा टॉवेल. त्यांना माणसांच्या आतलं दिसतं, असं सगळे म्हणत. त्यांनी ड्रम थांबवायला सांगितले आणि डोळे मिटले.

"मला एक जिना दिसतोय," ते म्हणाले. "एक लेक. तिच्या हातात कागदी पेला आहे. वाफ निघतेय. दहाच मिनिटं, प्रभू, दहाच मिनिटं ती खाली उतरली होती... आणि वरती तिचे वडील..." त्यांचा आवाज कातर झाला. "मुली, प्रभू म्हणतो, तो पेला तू अजून खाली ठेवलेला नाहीस. आज ठेव. तुझ्या बापाचा तुझ्यावर राग नाही."

 कुणीतरी मिलीला पुढे नेलं की ती स्वतःच धावली, हे तिला नंतर आठवेना. तिला एवढंच कळलं, की देवाने तिला शोधून काढलं होतं. दोनशे खुर्च्यांमधून. तिने खरोखरच दोन्ही हात पुढे केले आणि हातात नसलेला पेला सिमेंटच्या जमिनीवर ठेवला, आणि त्याच क्षणी तिची जीभ सुटली. ल-ल-ल नव्हे. तिच्या तोंडातून लांबलचक, उतारावरून धावल्यासारखे शब्द यायला लागले, आणि ती थांबवायला गेली तरी थांबेनात. शेजारी गुडघे टेकून वहिनी हमसाहमशी रडत होती. "मिळालं! माझ्या पोरीला मिळालं!"

दोन दिवस मिली जमिनीवर नव्हती. भांडी घासताना, बसची वाट बघताना, ती भाषा मनात आणली की यायची. पास्टरांनी फोन केला, "रविवारी साक्ष द्यायची, देवाने तुझ्यासाठी काय केलं ते सांगायचं. सगळ्यांना ऐकू दे." ती म्हणाली, "देते की!"

मंगळवारी प्लास्टरकाकांनी नेहमीसारखा चहा मागवला. भांडी धुवायची बाई आली नव्हती म्हणून त्या दिवशी तो कागदी पेल्यांत आला. काकांनी एक पेला मिलीपुढे ठेवला. "घ्या मिलिमीटरबाई. आज काय, गाणं गुणगुणताय?"

पेला फार गरम होता. तिने तो दोन बोटांनी कडेला धरला, आणि तिच्या मनात आलं, बाबांच्या वेळचा तो पेला इतका गरम होता का? ती आठवायला गेली. जिना आठवला, मशीन आठवलं, वाफही आठवली. पण चव आठवेना. चव कशी आठवणार? तो चहा ती प्यायलीच नव्हती.

मिली स्टुलावर बसली. समोर कुणाचा तरी खालचा जबडा प्लास्टरमध्ये सुकत होता. तिने सवयीप्रमाणे एकेक गोष्ट वेगळी काढून ठेवली. त्या दुपारच्या दोन हकिकती आहेत. एक खरी, ती दोघांना माहीत, मला आणि देवाला. दुसरी खोटी, ती मी जगात एकाच माणसाला सांगितली. पाहुण्यांनी कुठली सांगितली?

त्याला चहा दिसला असेल, तर तो देव नव्हता.

"काय गं, घशात गेला की काय?" काका म्हणाले. "पांढरीफटक पडलीस."

"काका, मी जरा लवकर जाऊ?"

"तू? लवकर? जा बाई, आज नक्की पाऊस पडणार."

वहिनी इस्त्री करत होती. दादाचे शर्ट एकावर एक रचलेले. मिलीला बघून तिचा चेहरा उजळला. "ये ये! रविवारचं काही लिहून काढलंस का? मी ह्यांनाही सांगितलंय, बहीण बोलणार आहे—"

"वहिनी, पाकिटात तुम्ही काय लिहिलं होतं?"

इस्त्री कॉलरवर थांबली. "ते विचारायचं नसतं."

"माझ्या बाबांचं लिहिलंत?"

वहिनीने इस्त्री उभी केली. बटण बंद केलं. "तुझ्यासाठीच लिहिलं," ती म्हणाली. "अडीच वर्षं तुला तडफडताना बघितलंय मी. दर मंगळवारी सगळे मोकळे होऊन घरी जायचे आणि तू कोरडी. माझं काळीज तुटायचं."

"पाकिटं उघडतात, हे तुम्हाला माहीत होतं?"

वहिनीने अर्धवट शर्टाची घडी घातली.

"माहीत होतं," मिली म्हणाली.

"पास्टर म्हणतात, सेवकाला प्रार्थनेची दिशा लागते. त्यात काय पाप आहे? माझंही असंच झालं होतं, आठ वर्षांपूर्वी. मला कळलं होतं कुणी लिहिलं ते. मी म्हटलं, असू दे. देव माणसांच्याच तोंडून बोलतो ना? पत्र आल्यावर पोस्टमनशी भांडतं का कुणी?"

"पत्र त्याचं असतं तर भांडले नसते," मिली म्हणाली. "वहिनी, चहा नव्हताच."

"म्हणजे?"

"मी तुम्हाला खोटं सांगितलं. जिना नाही, पेला नाही, दहा मिनिटं नाहीत. लाज वाटली म्हणून मी घातलेलं ते सगळं. आणि देवाने मला तेच सांगितलं. माझं खोटं, जसंच्या तसं. वाफेसकट."

वहिनी खुर्चीवर बसली. एवढ्यात तिच्या चेहऱ्यावर भलतंच काही आलं, आणि ते काय आहे हे कळायला मिलीला क्षणभर वेळ लागला. वहिनी दुखावली होती.

"तू माझ्याशी खोटं बोललीस? प्रार्थना-जोडीत? मी तुला पोटच्या पोरीसारखं..."

"मातीत जाईल म्हणाला होतात."

"आणि तू? तू तरी कुठे खरं..." वहिनीचा आवाज चिरकला. मग तिने डोळे पुसले आणि एकदम शांतपणे विचारलं, "बरं. आणि जीभ? ती तर सुटली ना? ती कुणी दिली, मी दिली का?"

 पाठीमागून कुणी सुरी खुपसावी तसा तो प्रश्न मिलीला लागला, कारण भाषा अजून होती. आत्ता, या खोलीतही, जिभेच्या टोकाशी वळवळत होती. ती मात्र खरी असावी, असं मिलीला अजून वाटत होतं, आणि आता ती कुणाची म्हणून वापरायची, हे कळत नव्हतं.

"मग काय झालं होतं त्या दुपारी?" वहिनीने विचारलं.

"ते आता तुम्हाला नाही सांगणार."

"बरं बाई. नको सांगूस. पण रविवारी तमाशा करू नकोस. चहाचं सांग आणि खाली बस. तुझं काय जातं? ह्यांना तरी कशाला त्रास?"

रविवारपर्यंत मिलीने तीनदा ठरवलं की जायचंच नाही, आणि तीनदा मोडलं. तिला वाटत होतं, गेले नाही तर तो चहा कायमचा खरा होईल. पुढच्या वर्षी कुणीतरी नव्या मुलीला सांगेल, आमच्याकडे एकीला असा पेला दिसला होता. एकदा, त्याच मायक्रोफोनवर, खरं वाक्य जायला हवं. मग जे व्हायचं ते होवो. दादा दर रविवारी वहिनीला सोडून बाहेर गाडीतच झोपायचा, त्यामुळे त्याच्या कानावर जायचा प्रश्न नव्हता. त्याला ती नंतर, घरी, नीट बसून सांगणार होती.

तिचं नाव पुकारलं. ती स्टेजवर चढली. माईक तिच्या उंचीला फार वर होता, तो कुणीतरी खाली केला.

"पाहुणे सेवकांनी जो चहा बघितला," ती म्हणाली, "तो मी प्यायलेच नव्हते."

लोक हसले, आनंदाने. त्यांना वाटलं, साक्षीची सुरुवात गमतीदार आहे. तेवढ्यात तिला दादा दिसला. शेवटच्या रांगेमागे, भिंतीला टेकून, इस्त्रीच्या निळ्या शर्टात. बहीण बोलणार म्हणून आत आला होता. त्याने हात किंचित वर करून तिला दाखवला.

ती थांबू शकली असती. एक घोट पाणी मागितलं असतं तरी वेळ निभावली असती. पण अर्धं सांगूनच इथवर आलेय, असं तिच्या डोक्यात आलं आणि ती पुढे बोलली. सव्वादोन. पलंग. चारला दहा कमी. फोन बघितला, पालथा घातला. कूस बदलली. बाबांजवळ कुणी नव्हतं. "चहाची गोष्ट मी एकाच माणसाला सांगितली होती. ती पाकिटातून वर आली. देवाकडून नाही."

गोदामात एवढी शांतता पसरली की वरच्या पंख्यांचा आवाज यायला लागला. मिलीला वाटलं, झालं. आता काहीतरी पडेल, फुटेल.

पास्टर पुढे आले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी तिच्या हातातून माईक इतक्या अलगद घेतला, की तिने तो कधी सोडला हे तिलाच कळलं नाही.

"मंडळी, बघितलंत?" ते म्हणाले. "बघितलंत प्रभूची युक्ती? चहाचं खोटं होतं हे त्याला माहीत नव्हतं का? होतं! त्याने ते खोटंच तिच्यापुढे धरलं, आरशासारखं, की खरं बाहेर पडावं! कुठलं पाकीट, कुठला कागद? वरवरचा चहा आणि त्याच्या आत दडलेलं पाप, त्याने दोन्ही उपटलं!"

"आमेन!" हेडबाई ओरडल्या. मग सगळे. ड्रम सुरू झाले. मिली माईक नसताना म्हणत होती, "नाही, तसं नाही, ऐका," आणि पहिल्या रांगेतल्या बायका तिचं तोंड हलताना बघून आनंदाने हात वर करत होत्या. त्यांना वाटलं, तिला पुन्हा भाषा येतेय.

भिंतीपाशी दादा नव्हता.

तो बाहेर गाडीला टेकून उभा होता. मिली धावत आली आणि चार पावलांवर थांबली. आतून टाळ्यांचा आवाज येत होता.

"फोन किती वाजता आला म्हणालीस?"

"तीन पन्नास."

"आणि बाबा?"

"चार पाच."

"पंधरा मिनिटं," दादा म्हणाला. "म्हणजे निघाली असतीस तर पोचली असतीस."

"हो."

"मी सगळ्यांना सांगत आलोय. मिली होती जवळ, शांतपणे गेले. गावाकडच्या आत्याला सांगितलं. कामावर सांगितलं. परवा एका अनोळखी माणसाला लिफ्टमध्ये सांगितलं, त्याचे वडील आजारी होते म्हणून." त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. "हिला माहीत होतं?"

"चहाचं माहीत होतं."

"म्हणजे हिला चहा, पास्टरला चहा, त्या पाहुण्याला चहा. आणि मला?"

"दादा, मी तुला घरी सांगणार होते. आज संध्याकाळीच. नीट बसून."

"मग मी दिसल्यावर थांबली का नाहीस?"

ती एक पाऊल पुढे आली.

"माझा बाप कसा गेला, हे मला माईकवरून कळलं, मिली. माझ्यापुढच्या खुर्चीवरचा रिक्षावाला टाळ्या वाजवत होता." तो ओरडला नाही. ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. "तुझ्याबाबतीत तिथे जे केलं त्यांनी... ते वाईटच केलं. पण त्यांना निदान मी कोण ते माहीत नव्हतं."

गोदामाचं दार उघडलं आणि वहिनी बाहेर आली, रडून लाल झालेली, पण चेहरा उजळलेला. "अगं, किती लोक रडले! पास्टर म्हणतात, दुसऱ्या सभेतही—" मग तिने नवऱ्याकडे बघितलं.

दादाने गाडीची किल्ली बॉनेटवर ठेवली, दोघींच्या मधोमध, आणि तो रस्त्याने चालू लागला. वहिनी म्हणाली, "अहो!" मिली हाक मारायला गेली. तिच्या तोंडात आधी ती दुसरीच भाषा आली, धावत, न बोलावता. तिने ओठ घट्ट मिटले, दात आवळले, आणि ती भाषा निघून जाईपर्यंत तशीच उभी राहिली. मग तोंड उघडून तिने "दादा" म्हटलं. तोपर्यंत तो कोपऱ्यावरून वळला होता.